तेवढाच आंबट घडा

एकदा एक आसवकार स्वतःच घातलेल्या घड्यांसमोर बसून पार गोंधळून गेला. जव त्याचे, चूल त्याची, हात त्याचे. आणि तरीही घड्यांत जे तयार झाले होते ते आपल्याकडून कसे झाले, हे त्याला काही केल्या उमगत नव्हते.

त्याचे नाव कान्हो. घाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका पेठेत तो राहत असे. समुद्राकडून येणारे बैलांचे तांडे घाट चढण्यापूर्वी त्या पेठेत विसावत, आणि घाट उतरून आलेले तिथेच पाय मोकळे करीत. पेठेतल्या विहिरींचे पाणी मचूळ. म्हणून तिथले लोक आणि वाटसरू जवाचे हलके आसव पीत. माणसाला लोळवणारे ते मद्य नव्हते. एक वाटी घेतली तर शीण उतरावा, आणखी एक घेतली तर विसरलेले गाणे आठवावे, एवढेच त्याचे सामर्थ्य.

हे आसव पेठेत सर्वांत उत्तम करीत असे ती भागाई नावाची एक वृद्ध बाई. सारे तिला माई म्हणत. तिची रीत साधी होती. जव भिजवून त्यांना मोड आणायचे, उन्हात वाळवून मंद आचेवर शेकायचे आणि जाडसर भरडायचे. पाणी उकळून खाली उतरवायचे. वाफ विरून त्यात आपला चेहरा दिसू लागला की भरड ओतायची. मग जवाचा सारा गोडवा पाण्यात उतरतो. ते गोड पाणी गाळून, त्यात काडेचिराईत घालून पुन्हा उकळायचे, म्हणजे गोडाला कडूची कड येते. निवल्यावर पुन्हा कापडातून गाळून, मागच्या घड्याच्या तळाशी उरलेला गाळ त्यात कालवायचा. दुधाला विरजण तसा आसवाला हा गाळ. तिथले लोक त्याला बीज म्हणत. त्यानंतर घडा झाकायचा आणि वाट पाहायची.

कान्हो माईच्या हाताखाली वाढला. जव निवडणे, चूल सांभाळणे, घडे घासणे, सारे तो तिथेच शिकला. हात बसला, आणि हात बसल्यावर बहुतेकांचे होते तेच त्याचे झाले. त्याला रीत अपुरी वाटू लागली.

एके दिवशी तो म्हणाला, "माई, इतकी वर्षं तीच चव, तोच तांबूस रंग. जव कमी शेकले तर आसव फिकट होईल, जिभेला हलकं लागेल. आणि चिराईत उकळीच्या शेवटी घातलं तर कडूपणा उतरेल, वास तेवढा राहील."

"राहील की," माई म्हणाली.

"मग तुम्ही कधी करून का पाहिलं नाही?"

"पाहिलं. म्हणून तर हे करते."

हे उत्तर कान्होला उत्तर वाटले नाही. म्हातारपणी माणसाला बदल सोसत नाही, असा त्याने अर्थ लावला. काही दिवसांतच पेठेच्या दुसऱ्या टोकाला त्याने स्वतःची चूल मांडली. निघताना माईने आपल्या घड्यातले बीज त्याला वाडगाभर दिले. ते त्याने घेतले, पण पाया पडताना तो थोडा कमीच वाकला.

त्याने घातलेला पहिलाच घडा असा काही उतरला की चाखणारे एकमेकांकडे पाहू लागले. रंग नव्या पेंढ्यासारखा. वास ओल्या गवताचा, मागून किंचित लिंबाच्या सालीचा. कडू होते, पण ते कडू गिळल्यानंतर येई आणि पुढचा घोट मागत असे. त्या दिवशी घाट चढायला निघालेल्या तांड्याचा व्यापारी तिथे उतरला होता. त्याने वाटी संपवली, तळाशी पाहिले आणि पुन्हा पुढे केली.

"नाव काय तुझं?"

"कान्हो."

"कान्हो, मी देशावरून परत येईन तेव्हा माझ्या बैलांच्या पाठीवर मावतील तेवढे घडे तयार ठेव. हेच हवं. माझ्या मुलीचं लग्न आहे बंदरावर. तिथल्या लोकांना असं काही ठाऊक नाही."

भोवती अर्धी पेठ उभी होती. माईकडे नेहमी येणारी माणसेही त्यात होती. कान्होची छाती फुगली. "ठेवतो, शेठ," तो म्हणाला. "शब्द आहे माझा."

तांडा घाट चढून गेला, आणि कान्होने दुसरा घडा घातला.

आपल्या समजुतीप्रमाणे त्याने सारे पहिल्यासारखेच केले. पण घडा उघडला तर वास बेताचा; तोंडात घेतले तर पाणचट, गिळले तर कडवट. त्याला वाटले, हरकत नाही, थोडी सुधारणा करू. पुढच्या वेळी त्याने जव आणखी कमी शेकले, चिराईत निम्मे केले, विहिरीऐवजी ओढ्याचे पाणी आणले, वरून मध घातला आणि घडा ओसरीवरून उचलून माजघरात ठेवला. ते आसव इतके उसळले की झाकण उडून कोनाड्यात पडले, आणि चव गुळाच्या पाण्यासारखी आली. हे मधाने झाले, की ओढ्याच्या पाण्याने, की माजघराच्या उबेने? कान्होला सांगता येईना. त्याने मध सोडला, पाणी पुन्हा विहिरीचे घेतले, पण जव वेगळ्या शेतातले आणले आणि बीज दुप्पट केले. आता आसव गढूळ राहिले.

मग सल्ले सुरू झाले. कुंभार म्हणाला, घड्याची माती बदल. गुरव म्हणाला, घड्याचे तोंड पूर्वेला कर. एक गुराखी म्हणाला, चंद्र भरत असताना घातलेले आसव चांगले उतरत नाही. कान्होने सगळ्यांचे ऐकले, आणि सगळ्यांचे एकदमच ऐकले. पहिला घडा आता त्याला स्वप्नासारखा आठवू लागला. तो वास लिंबाच्या सालीचा होता की संत्र्याच्या? चिराईत तेव्हा मूठभर घातले होते की ओंजळभर? जितके आठवायला जावे तितके ते निसटे.

अशातच एक घडा असा आंबला की त्याच्या बायकोने, साळूने, एक घोट घेऊन दोन्ही हातांनी गाल धरले. "अगं आई गं! दात आंबले माझे."

कान्हो हसला नाही. ज्या गोंधळाविषयी आरंभी सांगितले तो हाच. तो घड्यांपुढे बसून राहिला. घाटावरून खाली येणारे वाटसरू सांगत होते की तांडा परतीच्या वाटेला लागला आहे.

साळू त्याच्याजवळ येऊन बसली. "माईंकडे जा," ती म्हणाली.

"कोणत्या तोंडानं जाऊ?"

"आहे त्याच तोंडानं जा. दुसरं कुठून आणणार आहात?"

तो गेला. जाताना जो घडा त्यातल्या त्यात बरा होता तो खांद्यावर घेतला. माई अंगणात चटईवर जव वाळत घालत होती. तळहाताने ते हळूहळू उलटेपालटे करीत होती. तिने वर पाहिले.

"कान्हो का? वाळलास रे."

एवढेच. इतके दिवस कुठे होतास, असे तिने विचारले नाही. कान्होने सारे सांगितले: पहिला घडा, शब्द, सुधारणा, सल्ले. माईने त्याने आणलेले आसव चाखले आणि वाटी खाली ठेवली.

"ठीक आहे. यात बघण्यासारखं काही नाही. तुझं सगळ्यात वाईट कोणतं उतरलं?"

"एक आंबलंय. ते आणलं नाही."

"का?"

"कुणाला दाखवण्याजोगं नाही, माई."

"मग तेच आण."

कान्हो परत गेला आणि तो आंबट घडा घेऊन आला. माईने वाटी भरून घेतली. पहिल्या घोटाला तिचा एक डोळा आपोआप मिटला. तरी तिने वाटी सोडली नाही. सावकाश, घोट घोट करीत, एखादे औषध ओळखावे तसे तिने ते सारे संपवले. कान्हो अवघडून उभा होता.

"छान," माई म्हणाली. "आता असाच एक घडा घालून आण."

कान्होला वाटले आपण चुकीचे ऐकले. "असाच म्हणजे?"

"एवढाच आंबट. कमी नको, जास्तही नको."

"माई, मला चांगलं आसव करायचंय! शेठ यायला निघालाय."

"ते नंतर बघू. आधी हे आण." आणि ती पुन्हा जव उलटू लागली.

परतीच्या वाटेवर कान्होच्या मनात नाना विचार आले. ही शिक्षा असावी, कमी वाकल्याची. किंवा थट्टा. किंवा म्हातारीची बुद्धी आता ढळली असावी आणि जीभही. घरी येऊन त्याने साळूला सांगितले तेव्हा तीही बुचकळ्यात पडली.

"त्या थट्टा कशाला करतील?" ती म्हणाली. "पण मग दुसरं काय म्हणायचं, तेही कळत नाही."

शेवटी कान्होने खांदे उडवले. बिघडवायचेच आहे ना? त्यात काय कठीण! इतके घडे बिघडवले, आणखी एक. त्याने मुद्दामच आळशीपणा केला. घडा नीट घासला नाही, भरड ओबडधोबड केली, झाकण तिरके ठेवले. काही दिवसांनी उघडून पाहिले तर आसव चक्क पिण्यासारखे! पडवीत टेकलेल्या एका वाटसरूने तर दुसरी वाटी मागितली.

कान्होने ते माईकडे नेले. तिने एक घोट घेतला आणि मान हलवली. "हे ते नव्हे."

"पण माई, हे त्याच्यापेक्षा चांगलं आहे."

"मी चांगलं मागितलंय का?"

तो घडा उचलून परतला तेव्हा त्याचा गोंधळ पूर्वीपेक्षा दाट झाला होता. चांगले करायला जावे तर जमत नाही, हे त्याला कळून चुकले होते. पण वाईटही जमू नये? जे हातून आपोआप घडले, ते ठरवून का घडत नाही? या प्रश्नाने तो इतका पछाडला की त्याला शेठचा क्षणभर विसर पडला. त्या आंबटपणाचे मूळ शोधल्याशिवाय त्याला चैन पडेना.

त्याने एकच मोठे पातेले गोड पाणी केले आणि ते लहान लहान मडक्यांत वाटून टाकले. एका मडक्यात चिराईत कमी, बाकी सारे सारखे. दुसऱ्यात बीज जास्त, बाकी सारे सारखे. तिसरे नुसते उघडे ठेवले. चौथे चुलीच्या उबेला. त्याला जो जो संशय होता त्याला त्याने एकेक मडके दिले, आणि ओळखू यावे म्हणून प्रत्येकावर चुन्याची वेगळी खूण काढली. एरवी पहिल्या दिवसापासून बोट बुडवून चाखणारा कान्हो या वेळी शांत राहिला. चांगले निघावे अशी आशाच नव्हती, मग घाई कशाची?

मडकी उघडली. उबेतल्या मडक्याला पिकल्या केळ्याचा वास येत होता. जास्त बीजाचे लवकर निवळले होते. कमी चिराईताचे मिळमिळीत होते, उघडे ठेवलेले शिळकट, वास उडालेले. प्रत्येकाने त्याला काहीतरी सांगितले आणि ते त्याच्या ध्यानात राहिले, कारण प्रत्येक मडके एकेकच गोष्ट सांगत होते. पण आंबट एकही नव्हते.

"साळू," त्याने हताश होऊन हाक मारली, "तो घडा घातला त्या दिवशी आपल्या घरात काय काय झालं होतं? आठव बरं."

साळू चुलीपुढून उठून दाराशी आली. "त्या दिवशी माझा भाऊ आला होता. मी सकाळपासून स्वयंपाकात. तुम्ही तिकडून ओरडत होता."

"का?"

"तुमचं गाळायचं कापड फाटलं होतं ना? 'काहीतरी दे, काहीतरी दे' म्हणत होता. मग मी फडकं दिलं."

"कोणतं फडकं?"

"चक्का टांगायचं. भावाला श्रीखंड करायचं होतं, दही आदल्या दिवशी टांगलं होतं." तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले. "पण धुतलेलं होतं हो! स्वच्छ धुऊन दिलं होतं."

कान्होने पुन्हा गोड पाणी केले, चिराईत घालून उकळले आणि निवल्यावर ते मधोमध वाटले. अर्धे नव्या कापडातून गाळले आणि अर्धे त्या फडक्यातून. घडे सारखे, बीज सारखे, जागा एक. त्या काही दिवसांत तो त्यांच्याजवळून जाताना पाय न वाजवता जाई, असे साळू पुढे सांगत असे.

फडक्याचा घडा उघडला तेव्हा नाकाला आधी कळले. मग जिभेला. कान्होचा एक डोळा मिटला, गाल आत ओढले गेले, आणि तो आनंदाने ओरडला, "साळू! आंबलं! तेवढंच आंबलं!"

पेठेतले लोक सांगतात, बिघडलेले आसव खांद्यावर घेऊन असा धावत जाणारा माणूस त्यांनी दुसरा पाहिला नाही.

माईने वाटी भरून घेतली. पहिल्या घोटाला तिचाही डोळा मिटला. "हेच ते," ती म्हणाली. "आता सांग, हे आंबट का झालं?"

"चक्क्याच्या फडक्यानं."

"कशावरून?"

"एकाच पाण्याचे दोन घडे केले, माई. फडक्याचा आंबला, दुसरा नाही."

"मला अजून एक असा हवा असेल तर?"

"सांगाल तेव्हा करीन."

"आणि नको असेल तर?"

कान्हो उत्तर द्यायला तोंड उघडणार तोच थांबला. मग हळूच खाली चटईच्या कडेला बसला.

माई म्हणाली, "अरे, तू आलास तेव्हा तुला वाटत होतं की तुझ्याकडे चांगल्या घड्याची रीत नाही. वाईटाचीही नव्हती. तो पहिला घडा उत्तम झाला, तो तुझ्या हातून झाला. तू केला नव्हतास. आंबट झाला तोही हातून झाला. तू केला नव्हतास. आज पहिल्यांदा तू एक घडा केलास. आंबट का असेना, तो तुझा आहे."

"मग माई, चांगलाच घडा पुन्हा करायला का नाही सांगितलात?"

"सांगितला असता तर तू चाखत बसला असतास. चांगल्याचा लोभ असतो. लोभी माणूस चाखतो, बघत नाही. वाईटाचा लोभ कुणालाच नसतो, म्हणून त्याच्याकडे शांतपणे बघता येतं." तिने उरलेली वाटी बाजूला सरकवली. "आणि आता हे ओतून टाक बाबा. माझ्या पोटावर उपकार कर."

कान्हो हसला, कित्येक दिवसांत पहिल्यांदा. उठताना तो तिच्या पाया पडला. या वेळी कपाळ चटईला लागले आणि जवाचे दोन दाणे त्याला चिकटून आले.

मात्र शेठ यायचा तो आलाच. कान्होच्या हाती त्यापूर्वी फार वेळ उरला नव्हता. पहिल्या घड्याच्या मागे धावायचे त्याने सोडून दिले. त्याने माईची जुनी रीत घेतली, जशीच्या तशी, आणि तिच्यात एकच बदल केला: जव कमी शेकले. या रीतीचा पहिला घडा उतरला तसाच दुसरा उतरला, तसाच तिसरा. तेव्हा कुठे त्याने बाकीचे घडे घातले.

व्यापाऱ्याने चाखले. भोवती पुन्हा अर्धी पेठ उभी होती. त्याच्या कपाळावर आठी पडली.

"कान्हो, हे ते नव्हे."

"नव्हे, शेठ."

"ते कुठं आहे?"

"ते मला करता येत नाही."

लोकांत कुजबुज झाली. कान्होचे कान तापले, पण त्याने मान खाली घातली नाही.

"तू शब्द दिला होतास," व्यापारी म्हणाला.

"दिला होता. तो देताना, ते कसं झालं हे मला माहीत नव्हतं आणि माहीत नाही हेही कळलं नव्हतं. तो दोष माझा. पण हे कसं झालं ते मला माहीत आहे. तुम्ही यातला कोणताही घडा उघडा. हीच चव निघाली नाही तर सगळे इथंच ओतून टाकतो."

व्यापाऱ्याने रांगेच्या मधला एक घडा दाखवला. मग अगदी भिंतीजवळचा. दोन्ही वेळा त्याने डोळे मिटून चाखले आणि वाटी खाली ठेवली. मग त्याने बैलांकडे पाहिले.

"पहिल्या पंगतीला एक चव आणि शेवटच्या पंगतीला दुसरी, असं झालं तर मांडवात माझं हसं होईल," तो अखेर म्हणाला. "हे तसं होणार नाही. लादा रे." मग जरा थांबून, जाता जाता: "पण ते पहिलं काही विसरता येत नाही मला."

"मलाही," कान्हो म्हणाला.

तांडा गेला. कान्होची चूल चालू राहिली. तो अजूनही बदल करी. त्याचा तो स्वभावच होता. पण एका वेळी एकच, आणि त्या बदलाने काय झाले ते कळल्याशिवाय दुसरा नाही. त्याचे आसव हळूहळू, दोन पावले पुढे आणि एक मागे असे, सुधारत गेले. लोक त्याला विचारीत, "कान्हो, यंदा काय नवं?" आणि तो सांगे, "यंदा फक्त चिराईत जरा उशिरा घातलंय." लोकांना ते फार थोडे वाटे.

एका वर्षी, सुगी सरल्यावर, त्याने एक घडा उघडला. वाटी तोंडाला लावली, आणि साळूने पाहिले की त्याचा चेहरा उतरला.

"आंबलं?" तिने विचारले.

"नाही. फार उत्तम झालंय."

"मग असं काय करता?"

"का झालं ते कळत नाही."

साळूने एक घोट घेतला, मग लगेच दुसरा. इतके सुंदर आसव तिने त्या घरात चाखले नव्हते. "देऊन टाकू का पेठेत बोलावणं?" ती म्हणाली. "लोक उड्या टाकतील."

कान्होने नकारार्थी मान हलवली. त्याने घड्याचे तोंड बांधले, घडा खांद्यावर घेतला आणि तो माईच्या अंगणात गेला. माई आता फारशी उठत नसे. तिने वाटी दोन्ही हातांनी धरली आणि पुष्कळ वेळ ती ओठांशीच ठेवली.

"खरंच उत्तम आहे रे," ती म्हणाली. "काय बदललंस?"

"जाणूनबुजून काहीच नाही."

"मग?"

"मग हा माझा नाही, माई. अजून नाही."

तिने चटईवर हात टेकून अंग थोडे बाजूला घेतले आणि त्याला बसायला जागा केली. अंगणात ऊन उतरले होते. दोघांच्या मधे तो घडा होता, आणि त्यात काय आहे हे दोघांनाही ठाऊक नव्हते.

"सांग," माई म्हणाली. "हा घडा घातलास त्या दिवशी सकाळी उठल्यापासून सांग."

कान्हो सांगू लागला. चांगले झालेले पाहूनही ज्याला ते का झाले असे विचारावेसे वाटते, त्याचे शिकणे सुरू झाले असे समजावे.